अप्रकट उष्मा

पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असताना, तापमान न बदलता, तो जी उष्णता शोषून घेतो किंवा बाहेर टाकतो तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ‘सुप्त उष्णता’ असेही म्हटले जाते. सामान्य वातावरणीय दाबाला ०° से. तापमानाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी (३३४ ज्यूल), तर १००° से. तापमानाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता, की वितळणबिंदूला पोचलेला बर्फ थोडीशी उष्णता मिळताच वितळून जातो. ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी तो खोडून काढला. तसे असते तर डोंगरावरचे हिम एकदम वितळून भयंकर पूर आले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी पातळ काचेची दोन सारखी गोल पात्रे घेतली. एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढेच ३३° फॅ. तापमानाचे पाणी. दोन्ही ४७° फॅ. तापमानाच्या मोकळ्या दालनात टांगली. पाणी अर्ध्या तासात ४०° वर आले. बर्फाच्या पात्राला तिथवर यायला साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दर अर्ध्या तासाला ७ अंशांइतकी उष्णता धरली तर एकूण १४७ होतात. त्यांतील ८ वितळलेले पाणी ३२° वरून ४०° पर्यंत तापण्यात गेले, उरलेले १३९ तापमापीला दिसलेच नाहीत. सेल्सिअस मापात हे सुमारे ७७ भरतात. हवा आणि पात्र यांच्या तापमानांतील फरक बदलत असल्याने उष्णता समान गतीने मिळते हे गृहीत काटेकोर नाही. तरीही उत्तर आजच्या मूल्याच्या (सुमारे ८०) इतके जवळ यावे, ही विलक्षण गोष्ट आहे.

शोधाच्या अग्रक्रमाबद्दल वाद आहे. ब्लॅक १७६१च्या सुमारास हा विषय व्याख्यानांत शिकवू लागले असावेत, पण त्यांनी तो छापला नाही. व्याख्याने जॉन रॉबिसन यांनी १८०३ मध्ये, ब्लॅक यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली. दरम्यान स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी गरम पाण्यात हिम मिसळून सेल्सिअस मापात ७२ हे मूल्य काढले आणि १७७२ मध्ये मांडले. छापील निबंध हाच निकष धरला तर मान विल्के यांच्याकडे जातो. अध्यापनाचा पुरावा पाहता ब्लॅक यांना आधीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विल्के यांचे काम मात्र स्वतंत्र होते. वाफेचे इंजिन सुधारणारे जेम्स वॉट यांना वेगळ्या संघनकाची (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या स्वतंत्र पात्राची) कल्पना ब्लॅक यांच्या सिद्धांतावरून सुचली, हे मतही जपूनच घ्यावे. वाफेत एवढी उष्णता असते हे आपल्याला आपल्याच प्रयोगांत दिसले, ब्लॅक यांनी त्याचे कारण सांगितले, असे खुद्द वॉट म्हणत.

ब्लॅक यांच्या काळी उष्णतेला द्रव्य मानण्याकडे कल होता. आजच्या मते ही ऊर्जा रेणूंमधील आकर्षणावर मात करण्यात खर्च होते. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढत नाही, म्हणून तापमापीतला पारा जागचा हलत नाही. उकळताना रेणू एकमेकांपासून जवळजवळ पूर्ण सुटतात, त्यामुळे बाष्पनाचा आकडा मोठा.

बाष्पन उत्कलनबिंदूखालीही चालू असते. माठातून झिरपलेले पाणी बाष्परूपाने उडताना ही उष्णता मुख्यतः आतल्या पाण्यातून घेते. म्हणूनच चकाकी चढवलेल्या मडक्यात पाणी तसे गार होत नाही, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जे काम करतो ते कोकणच्या दमट हवेत करत नाही.