गाडी रंगते ती कुणाची?

अंगभर चित्रं काढलेली खासगी मोटार दादरच्या सिग्नलला थांबली, की शेजारच्या रिकाम्या टॅक्सीची काच खाली होते आणि पहिला प्रश्न येतो, "कशाची जाहिरात?" मग, "शूटिंग आहे का कुठे?" मालकाने हौसेने, ब्रश घेऊन स्वतःची गाडी रंगवली असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला या प्रश्नांचा राग येत नाही. मुंबईकराने रंगीत वाहन पाहिलंय ते बेस्टच्या बसवरच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या प्रचाररथात किंवा मालवाहू ट्रकवर. इथे पोटासाठी धावणारं वाहन रंगतं. घरची गाडी पांढरी, नाहीतर चंदेरी.

पाश्चात्त्य देशांत आर्ट कारची, म्हणजे रंगवून कलाकृती केलेल्या मोटारीची, सुरुवात घरच्या गाडीपासूनच झाली. बीटल्सच्या जॉन लेननने १९६७ मध्ये आपली रोल्स-रॉइस पिवळी करून तिच्यावर फुलं आणि वेलबुट्ट्या काढून घेतल्या. एका म्हातारीने चिडून त्या गाडीवर छत्री उगारल्याचा किस्सा अजून सांगितला जातो. गायिका जॅनिस जॉप्लिनची पोर्शे १९६८ मध्ये रंगली. १९७५ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने ल मान्सच्या शर्यतीसाठी बीएमडब्ल्यू रंगवली, तेव्हा कंपन्याही यात उतरल्या. अमेरिकेत ह्यूस्टनला १९८८ पासून अशा गाड्यांची मिरवणूकच निघते. त्या म्हातारीचा राग मला समजतो. रोल्स-रॉइस म्हणजे प्रतिष्ठा, आणि तिच्यावर कुणीतरी जत्रा भरवली होती.

आपल्याकडे ट्रकवर जत्रा भरली तर कुणी छत्री उगारत नाही. पोळ्याला बैलाची शिंगं हिंगुळाने रंगवून पाठीवर झूल घालायची आणि दसऱ्याला गाडीच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढवायची, हे ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलंय त्यांना सजलेलं वाहन विचित्र वाटणार तरी कसं?

पण ट्रक रंगण्यामागे श्रद्धेइतकंच धंद्याचं गणित होतं. कारखान्यातून मालकाच्या हाती यायची ती बहुतेकदा नुसती चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा. लाकडी केबिन आणि मागची बॉडी तो वेगळी बांधून घ्यायचा. सुतार आणि लोहाराचं काम संपलं, की गाडी पेंटरकडे जायची. म्हणजे रंगकाम ही नंतर सुचलेली हौस नव्हती, गाडी तयार होण्याचा तो एक टप्पाच होता. कळंबोली किंवा वडाळ्याच्या ट्रक तळावर उभं राहिलं की आजही ट्रकच्या मागच्या कुठल्यातरी फाळक्यावर कमळ, मोर, गाय-वासरू आणि दृष्ट लागू नये म्हणून काढलेला राक्षसाचा चेहरा दिसतो. ऑइल पेंटने काढलेल्या अक्षरांना सावली देणं हे खरं कसब. उन्हात दुरूनसुद्धा ती उठून दिसतात. शिवाय महिनोन्‌महिने ज्याचं अंथरूण केबिनमध्ये असतं, तो त्या केबिनवर मुलांची नावं लिहून घेणारच.

'हॉर्न ओके प्लीज' याच फाळक्यावरचं. रुंद बॉडीमागे काय चाललंय हे आरशात नीट दिसायचं नाही, म्हणून मागच्याने हॉर्न देऊन पुढे जावं, ही त्यातली सोय. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला बंदी घातली. ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, हे कारण दिलं गेलं. मुंबईतल्या गोंगाटाची चिंता खरीच आहे. पण शब्द पुसल्याने माझ्या गल्लीतला तरी हॉर्न कमी झाला नाही, आणि पेंटरच्या हातची एक ओळ मात्र गेली.

टॅक्सीची गोष्ट वेगळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. टॅक्सी म्हणून धावायचं तर अंग काळं आणि टप पिवळा, हा नियम. बाहेर ब्रश फिरवायला जागाच उरली नाही, म्हणून चालकांनी आत मोर्चा वळवला. छताला फुलाफुलांचं रेक्झिन आलं. मागच्या काचेवर रेडियम कापून चिकटवलेली गावदेवी, गरुड किंवा मुलीचं नाव आलं. २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी सुरू केलेल्या टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमाने नेमकी हीच जागा हेरली आणि तरुण डिझायनरांकडून सीटची आणि छताची कापडं करून घेतली. पिढ्यानपिढ्या छताकडे न बघणारा प्रवासी अचानक मान वर करून फोटो काढू लागला. पुढे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीची मुदत २० वर्षांचीच.

पेंटरच्या पोटावर खरा पाय पडला तो नंबरप्लेटमुळे. आरटीओजवळच्या टपरीत अर्ध्या तासात नंबर रंगवून मिळायचा आणि २१४ चा 'राम' करून देणारा पेंटर सगळ्यांच्या ओळखीचा असायचा. ही कलाकुसर नियमात बसत नव्हती हे खरं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्याकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट येऊ लागली. बाबूराव मेस्त्रींनी कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवले आणि 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव झालं, इतका मान या भाषेत त्या शब्दाला होता. आता टपरीवर त्याच शब्दाखाली फ्लेक्स आणि स्टिकरचे दर लिहिलेले असतात.

मग घरची गाडी का रंगत नाही? एक कारण कागदाचं. मोटार वाहन कायद्यात नोंदणीतला रंग बदलायचा तर आरटीओची नोंद लागते, आणि कर्ज फिटलं नसेल तर बँकेची संमतीही. ऑलिव्ह हिरवा तर फक्त लष्करासाठी राखीव. दुसरं कारण पुनर्विक्रीचं. पाच वर्षांनी गाडी विकायचीच आहे, तर घेणाऱ्याला तुमचा मोर का आवडावा? ज्याला गाडी विकायची नसते, जो तिच्यातच जगतो, तोच तिला रंगवतो, असं मला वाटतं.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत वर्सोव्याला किंवा मढला जाऊन पाहा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डागडुजी चाललेली असते. नारळी पौर्णिमेच्या आधी रंगाचे डबे उघडतात. घरातला कुणीतरी पायाखाली पिंप घेऊन नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, देवीचं नाव नव्याने गिरवतो आणि जुन्या अक्षराचा काना जरा वाकडा होता तो या वर्षी सरळ करतो.