पिसं झडली म्हणून कोंबडी कापू नका

दिवाळीच्या सुमारास आमच्या डिचोलीत हे हमखास ऐकू येतं: 'कोंबडीची पिसं गळायला लागली, रोग लागला, आता अंडं द्यायची नाही, कापून मोकळे व्हा.' अशा कितीतरी धडधाकट कोंबड्या नाहक कापल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यानंतर दिवस लहान होतो आणि वर्षाच्या पुढच्या कोंबड्या जुनी पिसं टाकतात. झड डोक्यामानेपासून सुरू होऊन शेपटीकडे सरकते. बोटाने त्वचा चाचपून बघा. मेणचट आवरणातले टोकदार कोंब लागले तर नवी पिसं येताहेत. त्या कोंबांत रक्त असतं, दुखतात, म्हणून तेव्हा कोंबडीला उगाच उचलू नये. पीस बहुतांशी प्रथिनांचं, त्यामुळे अंडी थांबतात. साधारण 2-3 महिन्यांत ती पुन्हा सुरू होतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर भागत नाही. लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य द्या, सोबत मासळीचं डोकं-काटा उकडून, पण खारवलेली सुकी मासळी नको.

फक्त पाठच उघडी पडली असेल तर ते कोंबड्याचं काम. त्याला काही दिवस वेगळा ठेवा. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी. औषध पशुवैद्यांना विचारून घ्या आणि त्यांनी सांगितलेली दुसरी मात्रा चुकवू नका, कारण पहिल्या औषधातून उवांची अंडी वाचतात. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात. रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांड्याखालून बोट फिरवा, रक्ताचा डाग उमटला तर खुराडंही साफ करायला हवं.