दहा आकडे मोजायचे ते कोणासाठी?

कुस्तीत हा प्रश्नच येत नाही. पाठ मातीला लागली, चितपट झाला, पुढची जोड. बॉक्सिंगमध्ये मात्र माणूस पडतो तिथून पंचाईत सुरू होते. तो धडपडत उठतो, हातमोजे हनुवटीशी आणतो, मान हलवून ‘ठीक आहे’ म्हणतो. याला पुढे लढू द्यायचं की लढत थांबवायची, हे रेफरीने तेवढ्या दोन-तीन क्षणांत ठरवायचं असतं. (मराठीत खरं तर पंच म्हणायला हवं, पण बॉक्सिंगच्या लेखात पंच म्हटलं की ठोसा की माणूस, असा घोळ होतो. म्हणून इथे रेफरीच.)

आपण सगळे दहापर्यंतची मोजणी पाहत मोठे झालो, त्यामुळे दहा सेकंदांमागे काहीतरी वैद्यकीय हिशेब असेल असं वाटतं. तसं काही नाही. १७४३ मध्ये लंडनच्या जॅक ब्रॉटनने आपल्या आखाड्यासाठी नियम लिहिले, त्यात पडलेल्याला अर्धा मिनिट मिळत असे. तेवढ्यात साथीदारांनी त्याला मंचाच्या मधोमध खडूने आखलेल्या गजभर चौकोनाच्या कडेला आणून उभं करायचं. आणून! उचलून, ओढून, तोंडावर पाणी मारून, कसंही. एक जण पडला की फेरी संपली, उभा राहिला की पुढची सुरू. निवाड्यासाठी प्रेक्षकांतलेच दोन सद्गृहस्थ निवडत, आणि त्यांचं जमलं नाही तर तिसरा. हा तिसरा म्हणजे आजच्या रेफरीचा पूर्वज. लढतीवर पैसे लागलेले असत, तेव्हा याचं काम तंटा मिटवण्याचं. पडलेल्याची तब्येत पाहणं हे त्याच्याकडे नव्हतंच.

१८३८ च्या नियमांनी एवढी सुधारणा केली की तीस सेकंदांच्या विश्रांतीनंतर आठ सेकंदांत, कोणाचा हात न धरता, मधल्या रेघेपर्यंत यायचं. या उघड्या मुठींच्या पद्धतीची शेवटची मोठी लढत जुलै १८८९ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात झाली. जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन भर उन्हात दोन तासांवर लढले, ७५ फेऱ्या झाल्या. ती थांबवली रेफरीने नव्हे, तर किलरेनच्या बाजूच्या माइक डोनोव्हनने स्पंज फेकून. आणखी खेळला तर आपला माणूस मरेल, ही भीती त्याच्या कोपऱ्यातल्या साथीदारांना वाटली. थांबवण्याचा निर्णय ज्यांचा माणूस त्यांचा, अशीच रीत होती.

दहा सेकंद आले ते १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांतून. हे लिहिले जॉन ग्रॅहॅम चेंबर्सने, नाव लागलं मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीचं. तीन मिनिटांची फेरी, हातमोजे, आणि पडलेल्याने विनामदत दहा सेकंदांत उठायचं. न उठल्यास दुसऱ्याच्या बाजूने निकाल देण्याचा अधिकार रेफरीला. उठला, पण डोळे फिरले आहेत, तर काय? त्यावर अक्षर नाही. उठला की फेरी पुढे चालू. याच नियमात एक गोष्ट मात्र स्पष्ट होती: तोवर दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात जायचं.

ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेत टोलेडोला जॅक डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. दर वेळी तो शेजारीच उभा, विलर्डचे गुडघे जमिनीवरून सुटले की पुढचा ठोसा तयार. पुढे पाडणाऱ्याने लांबच्या तटस्थ (दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या) कोपऱ्यात जायचं, त्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, असा नियम कडक झाला आणि तो डेम्प्सीवरच उलटला. सप्टेंबर १९२७, शिकागो, लाखभर प्रेक्षक. सातव्या फेरीत जीन टनी खाली, आणि डेम्प्सी सवयीप्रमाणे डोक्यावर उभा. रेफरी डेव्ह बॅरी यांनी आधी त्याला कोपरा दाखवला आणि मग एकपासून मोजायला घेतलं. टनी नवाला उठला; प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद उलटले होते. लढत टनीने गुणांवर जिंकली. लोक आजही त्या चार सेकंदांवर भांडतात.

माझ्या मते इतिहासातला खरा सांधा याच्या पुढचा आहे, आणि त्यावर कोणी भांडत नाही: आठची सक्ती. पडलेला माणूस तीनला उठो की चारला, रेफरी आठपर्यंत मोजणारच आणि तोवर लढत बंद. दहाची मोजणी पडलेल्यासाठी होती, ही आठची मोजणी रेफरीसाठी आहे. ती पाहणी करायला मिळालेली सवड आहे. प्रश्नही त्याबरोबर बदलला. आधी विचारायचे, उभा राहतो का? आता विचारतात, स्वतःला वाचवू शकतो का?

चांगला रेफरी हे आठ आकडे कसे वापरतो ते लढतीची चित्रफीत हळू करून पाहा. रिंगबाहेरच्या वेळाधिकाऱ्याचा आकडा उचलून तो मोजायला लागतो, बोटं पडलेल्याच्या चेहऱ्यासमोर धरतो. पण नजर बोटांवर नसते. डोळे आपल्यावर ठरतात का, पाय रुंद टाकून तोल सावरतोय का, दोर सोडून उभा राहतो का, हे तो पाहत असतो. आठ झाल्यावर ‘माझ्याकडे चालत ये’ म्हणतो. ‘लढायचं आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नसतो, कारण त्याला नाही म्हणणारा बॉक्सर सहसा रिंगपर्यंत पोचतच नाही.

या पाहणीलाही मर्यादा आहेत, आणि त्या फार महागात कळल्या. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाराव्या फेरीत एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला कोपऱ्यात गाठलं. पॅरेट दोरांत अडकून राहिला, खाली पडलाच नाही. पडला नाही म्हणून मोजणी नाही, मोजणी नाही म्हणून उसंत नाही. रेफरी रूबी गोल्डस्टीन मध्ये पडले तोवर उशीर झाला होता. हे सगळं दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं. दहा दिवसांनी पॅरेट गेला.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला उलट झालं. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीला रे मॅन्सिनीच्या उजव्या ठोशाने कोरियाचा किम ड्युक-कू पडला. दोर धरून कसाबसा उठला, आणि रेफरी रिचर्ड ग्रीन यांनी लढत तिथेच थांबवली. नियमाने पाहिलं तर चूक काढता येत नाही. किम काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. पुढच्या वर्षी ग्रीन यांनीही आयुष्य संपवलं. किमच्या मृत्यूनंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या, बाकीच्या संघटना मागून आल्या. कवटी आणि मेंदूच्या मधल्या बारीक शिरा फाटल्या की रक्त हळूहळू साठतं. माणूस तोवर बोलतो, चालतो, लढतोही. आठ आकड्यांत ते दिसत नाही. म्हणून अलीकडचे रेफरी त्या एका पडण्याकडे न पाहता आधीच्या तीन-चार फेऱ्यांत याने किती खाल्लं, याची मनात बेरीज ठेवतात.

ही बेरीज किती वादाची ठरू शकते, ते १७ मार्च १९९० ला दिसलं. पुन्हा लास वेगासच. हुलिओ सेझार चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर, दोघेही अपराजित. बारावी फेरी संपत आली तेव्हा तिघांपैकी दोन गुणलेखकांकडे टेलर भरपूर पुढे होता. पण तोंड सुजलेलं, रक्त गिळत लढत होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो पडला, सहाच्या सुमारास उठला. रेफरी रिचर्ड स्टील यांनी आठ मोजून दोनदा विचारलं, ठीक आहेस का? टेलरने उत्तर दिलं नाही. त्याची नजर कोपऱ्याकडे वळली, जिथे त्याचा प्रशिक्षक लू ड्युव्हा रिंगच्या कडेवर चढत होता. शेवटच्या दहा सेकंदांचा लाल दिवा लागलेला होता. स्टील यांनी हात हलवून लढत थांबवली. घड्याळात उरले होते दोन सेकंद.

दोन सेकंदांसाठी जगज्जेतेपद काढून घेतलं, हा आरोप स्टील यांना आयुष्यभर चिकटला. वेळ किती उरली हे पाहणं आपलं काम नाही, समोरचा माणूस पाहणं हे काम, असं ते म्हणत राहिले. मला ते पटतं. पण टेलरने कोपऱ्याकडे न बघता नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर काय, हेही सुटत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला रेफरी जॅक रीस यांनी दुसरी वाट धरली. बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या दोन ठोशांनी टायसन फ्युरी उताणा पडला, डोळे मिटलेले. तिथेच लढत थांबवली असती तरी कोणी बोट दाखवलं नसतं. वाइल्डर तर जिंकल्यासारखा नाचायला लागला होता. रीस गुडघ्यावर बसले आणि मोजत राहिले. फ्युरी नवाला उठला. रीस यांनी त्याला बाजूला चालायला लावलं, परत बोलावलं, मग हात खाली घेतला. फ्युरीने फेरी पुरी केली, लढत बरोबरीत सुटली.

फेरी संपल्याची घंटा झाली की पडलेला वाचला, हेही मधल्या काळात बदललं. १९९१ मध्ये लंडनला ख्रिस युबँकविरुद्ध मायकेल वॉटसन अकराव्या फेरीच्या अगदी शेवटी पडला, उठला, घंटा झाली, आणि तो बाराव्या फेरीला बाहेर आला. लढत लगेच थांबली, तरी तो ४० दिवस बेशुद्ध राहिला. पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाला कोर्टात खेचलं आणि रिंगजवळच्या उपचारांवरून तो खटला जिंकला. अमेरिकेतल्या एकत्रित नियमांत आता घंटा कोणत्याच फेरीत पडलेल्याला वाचवत नाही, शेवटच्याही नाही. घंटा झाली तरी मोजणी पुरी होते आणि रेफरी माणूस पाहूनच ठरवतो.