बालसभा : ग्रामसभेच्या आधी, पण ग्रामसभेबाहेर

गावाच्या आराखड्यात मुलांचेही म्हणणे घ्यावे, ही अपेक्षा महाराष्ट्रभर पोचली ती चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशाबरोबर. २०१५-१६ पासून हा निधी ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावाने आपला आराखडा आपणच करायचा असे ठरले. आराखडा ग्रामसभेपुढे ठेवण्याआधी महिला सभा, वंचित घटकांची सभा आणि बालसभा घ्यायची, असा क्रम आला. त्याआधी बालसभा होत होत्या, पण त्या बहुतांशी संस्थांच्या प्रकल्पांपुरत्या. प्रकल्प संपला की सभाही संपे.

मुळे डिसेंबर १९९२ मध्ये सापडतात. त्या महिन्यात भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. आपल्याशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा मुलांचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे. त्याच महिन्यात संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण सदस्यत्व मतदारयादीशी बांधले. यादीत नाव नाही तो ग्रामसभेचा सदस्य नाही. म्हणजे एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने, बहुधा नकळत, दाराबाहेर ठेवला गेला. बालविषयक राष्ट्रीय धोरणात ‘सहभाग’ हा आरोग्य, शिक्षण आणि संरक्षण यांच्या बरोबरीचा विषय व्हायला २०१३ साल उजाडले.

खरा वाद इथून सुरू होतो. मुलांना ग्रामसभेतच बोलण्याचा हक्क द्यायचा की त्यांची सभा वेगळी भरवायची? वेगळ्या सभेच्या बाजूने सांगितले जाते की मोठ्यांच्या ग्रामसभेत, जिथे बायकांनाही बोलू देत नाहीत, तिथे सातवीतली मुलगी काय बोलणार. यात तथ्य आहे. महिलांसाठी हाच युक्तिवाद मान्य झाला आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातच आली. बालसभेला मात्र तसा आधार मिळाला नाही. ती मार्गदर्शक सूचनांवर उभी आहे. शिवाय महिला सभेतली बाई नंतर ग्रामसभेत जाऊन आपल्याच मागणीसाठी हात वर करू शकते. मुलांना ती सोय नाही. त्यांची मागणी कागदावर उतरते, कागद शिक्षकांकडून ग्रामसेवकाकडे जातो आणि पुढे तो वाचला जाईल की नुसता इतिवृत्ताला जोडला जाईल, हे सरपंचाच्या मर्जीवर राहते. वेगळी सभा हा तात्पुरता जिना असायला हवा होता. आपल्याकडे त्याच्याच पायऱ्यांवर मुलांना बसवून ठेवले आहे.

शेजारच्या कर्नाटकात गाडी उलट दिशेने आली. उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूर तालुक्यात कामकरी मुलांच्या संघटनेने १९९० च्या दशकातच मुलांच्या पंचायती उभ्या केल्या. तिथे निवडणूक मुलांचीच होई, आणि शाळेत न जाणारी मुलेही त्यात असत. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी या मुलांनी आपापल्या गावांच्या गरजा नोंदवून काढल्या. पावसाळ्यात ओढे भरले की शाळेची वाट बंद होते, म्हणून ओढ्यांवर छोटे पूल हवेत, ही त्यांची मागणी गाजली. मोठ्यांच्या यादीत रस्ते होते, पण हे साकव नव्हते. २००६ मध्ये त्या राज्याने मुलांची ग्रामसभा सगळ्याच ग्रामपंचायतींना लागू केली. पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी मुलांसमोर बसायचे आणि उत्तर द्यायचे, हा तिचा गाभा. सगळीकडे तो पाळला जातो असे नव्हे, पण निदान सभेत उत्तर देणारा माणूस समोर असावा, एवढे तरी त्या राज्याने ठरवले.

आपल्याकडे बालसभा शाळेत भरते. गुरुजींना पट ठाऊक असतो, खोली मिळते, फोटो निघतो. पण आराखड्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर या काळात राबवली जाऊ लागली, आणि दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. ज्या मुलांच्या गरजा आराखड्यात आधी यायला हव्यात, नेमकी तीच त्या वेळी फडावर असतात.

तरुणांची गत निराळी. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले, त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा ग्रामसभेचा पूर्ण सदस्य असतो. पंचायतीची निवडणूक लढवायला मात्र त्याला २१ पूर्ण व्हावी लागतात.

अलीकडे शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांमध्ये ‘बालस्नेही गाव’ ही एक आली आणि बालसभेला पुन्हा मागणी आली. त्याच सुमारास पैशाचे गणित बदलले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. शाळेतले नळ आणि मुलींची स्वच्छतागृहे त्यात बसू शकतात. मैदान, वाचनालय यांसारख्या मागण्या मात्र उरलेल्या ४० टक्क्यांत जातात, आणि तिथे त्यांची गाठ सिमेंटच्या रस्त्याशी पडते. रस्ता मागणाऱ्याचे नाव मतदारयादीत असते.