'गो'चा भूतकाळ 'वेंट' का?

'गो, वेंट, गॉन' ही ओळ शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, 'टॉक'चं 'टॉक्ड' होतं, मग 'गो'लाच काय धाड भरली?

खरं तर 'वेंट' मुळात 'गो'चं नव्हेच. 'वेंड' हे वेगळंच क्रियापद होतं, अर्थ वळणे किंवा वाट धरणे. 'सेंड'चं 'सेंट' तसं 'वेंड'चं 'वेंट'. 'गो'चं स्वतःचं भूतकाळी रूप मागे पडत गेलं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास 'वेंट' तिथे कायमचं बसलं. बिचाऱ्या 'वेंड'ला मग 'वेंडेड' असं सरळसोट रूप पत्करावं लागलं.

आपण हसायचं कारण नाही. 'जातो' आला संस्कृत 'या' धातूतून आणि 'गेला' आला 'गम्'मधून. येणे–आला, करणे–केला, मरणे–मेला हीही तशी वाकडीच, आणि सगळी रोजच्या तोंडातली. वाकडेपणा नेमका इथेच का टिकतो?

मुलं नियम फार लवकर उचलतात. भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी 1958मध्ये मुलांना बनावट इंग्रजी शब्द दिले, तर कधीही न ऐकलेल्या क्रियापदालाही मुलांनी अनेकदा अचूक भूतकाळी प्रत्यय लावला. त्याच हिशेबाने इंग्रज मुलं काही काळ बिनदिक्कत 'गोड' म्हणतात (आपलं गोड नव्हे, 'गो'ला 'ड' लावून). पण 'वेंट' दिवसभर कानावर पडतं, त्यामुळे ते पाठ होतं आणि नियम हटतो. क्वचित ऐकू येणारं रूप मात्र आठवत नाही. मग नियमच लावला जातो. 'हेल्प'चं जुनं 'होल्प' असंच गेलं.

हार्वर्डच्या एरेझ लीबरमन, झाँ-बाप्टिस्ट मिशेल आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात याचा हिशेबच मांडला. जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 तशी उरली, आज 98. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमात येतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांसारखं त्यांनी अर्धायुष्यही काढलं: 'गो'इतकी सर्रास वापरली जाणारी निम्मी क्रियापदं नियमात यायला सुमारे 14,400 वर्षं लागतील. 'लग्न करणे' या अर्थाच्या 'वेड'चा नंबर मात्र लवकरच लागेल, असं त्यांचं भाकीत आहे.