पाय पळतात, डोकं झोपतं

पहाटे साडेचारला नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलं की लष्कर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात, आमचा भाचा पण त्यातलाच. मागच्या महिन्यात एका हळदीत रात्रभर नाचला अन् तसाच पळायला गेला, १६०० मीटरचा टाइम फक्त ८ सेकंदांनी वाढला. म्हणे, मामा, फिट माणसाला जागरणाने काही होत नाही. म्हटलं थांब बे, अन् शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी काढली. मी वरून धरायची, खाली त्याची बोटं उघडी, मी सोडली की त्याने पकडायची. एरवी १७ वर पकडतो, त्या दिवशी २५, २६, अन् दोनदा तर पट्टी सरळ फरशीवर, बोट हललंच नाही!

त्या दोन वेळाच महत्त्वाच्या. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साचत जातं, मग डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद झोपून घेतो, याला मायक्रोस्लीप म्हणतात. एका जागरणाने स्नायूंची ताकद फारशी उतरत नाही, फक्त तेच पळणं जास्त जड वाटतं. लक्ष अन् निर्णय मात्र लगेच ढेपाळतात. फिटनेसचा फायदा आहेच, पाठीवरचा तोच पिट्टू फिट जवानाला कमी दमवतो, पण ॲडेनोसिन काय दंड-बैठकांनी कमी होत नाही.

अमेरिकेच्या नेव्ही सील्स या कमांडो दलाच्या ट्रेनिंगमधल्या पोरांवर २००२ साली छापून आलेला अभ्यास आहे, ही तर फिटनेसमधली बाप माणसं, हेल वीक म्हणजे ट्रेनिंगच्या सगळ्यात खडतर आठवड्यात ७२ तास जागली अन् त्यांचीही कामगिरी घसरली. २०० मिलिग्रॅम कॅफिनने लक्ष अन् प्रतिक्रिया सुधारली, नेमबाजीत मात्र कॅफिनने काही फरक पडला नाही. मला जास्त भीती वाटते ती २००३ च्या प्रयोगाची, रोज ६ तास झोप, असे १४ दिवस, अन् टेस्टमध्ये लोक पूर्ण जागरण केल्यासारखे चुकायला लागले, पण त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणे थोडीशीच झोप येतेय. उद्या भाचा कामठीच्या गार्ड्स सेंटरला, म्हणजे लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्राला लागला अन् पहाटे ३ ची पहाऱ्याची ड्यूटी आली, तर त्याच वेळेला शरीराच्या घड्याळाप्रमाणे सतर्कता सगळ्यात खाली असते.

हे सगळं मी त्याला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सांगून राहिलो होतो. समजलं का विचारलं तर उत्तर नाही, चमचा हातात तसाच, डोळे उघडे.