इंजिन-संगणक समायोजन व शीतलन (जुन्या मोटारगाडीतील)

इंजिनाला किती इंधन द्यावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची हे ठरविणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे ईसीएमच्या, कोष्टकांत माफक फेरफार करणे आणि त्याच्या जोडीने इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था सुधारणे, या दोन कामांचा येथे एकत्र विचार केला आहे. पहिल्या कामाला गॅरेजमध्ये रीमॅपिंग म्हणतात. खानदेशात दुसरे काम आधी करावे लागते.

अशा नियंत्रणाचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धातील बीएमडब्ल्यू ८०१ या विमान-इंजिनावरील ‘कोमांडोगेरेट’ हे साधन इंधन, ठिणगी व विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांचा कोन एकाच दांड्याने सांभाळी. काही लेखक त्यालाच आद्य मानतात, परंतु ते मुळात यांत्रिक व द्रवचालित होते. बेंडिक्सचे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ (सुमारे १९५७) विद्युत्-नियंत्रित असले तरी बाजारात टिकले नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये आली, ती केवळ इंधनापुरती. १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडोमधील ‘मिसार’ प्रणालीत सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) होता, तो केवळ ठिणगीपुरता. दोन्ही कामे एकाच संगणकाकडे असणे ही कसोटी धरली, तर १९७९ ची मोट्रॉनिक प्रणाली (बीएमडब्ल्यू ७३२आय) हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतात सर्वसामान्यांच्या मोटारींतून कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे यांत्रिक साधन) साधारणपणे २००० च्या आगेमागे हटला व एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने इंधन देणारी, इंजिने आली. त्यापूर्वीच्या गाडीत समायोजन म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) बदलणे व डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचे टायमिंग बदलणे एवढेच.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या घरात जातो, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनावर भार जास्त व समोरून वारा कमी, अशा स्थितीत असते. याखेरीज दोन स्थानिक कारणे आढळतात. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरच्या तोंडाशी पांढरट-पिवळी खपली धरते व नळ्या आतून बुजतात. जिनिंगच्या हंगामात उडणारा कापसाचा तंतू धुळीसह एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत बसून वाकळेसारखा थर होतो, तो समोरून दिसत नाही. हा थर इंजिनाच्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने बाहेर काढावा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात.

रेडिएटरच्या झाकणाचे महत्त्व सहसा दुर्लक्षिले जाते. ०.९ बारचे झाकण दाब धरत असेल, तर साधे पाणीही सुमारे ११८° से.पर्यंत उकळत नाही. कुलंटमधील ग्लायकॉल गंजरोधक द्रव्यांचा वाहक म्हणून उपयोगी असले, तरी पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. पाणी गोठण्याची भीती नसलेल्या या प्रदेशात निम्मेनिम्म मिश्रणाऐवजी तिसरा हिस्सा कुलंट व उरलेले डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण पुरेसे वाटते.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच त्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून टाकण्याचा उपाय मिस्त्री सर्रास करतात. त्यानंतरही गाडी तापली, तर ‘पाणी फार वेगाने फिरते म्हणून थंड होत नाही’ असे स्पष्टीकरण दिले जाते. ते भौतिकीशी जुळत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारी आडवाट (बायपास) बंद करतो, आणि तो नसल्यास बरेचसे पाणी रेडिएटर टाळून परत फिरते, हे कारण अधिक पटणारे आहे. संगणकाच्या बाजूनेही हा उपाय तोट्याचा ठरतो : जानेवारीच्या पहाटे पाण्याचे तापमान वर चढतच नाही, संगणक इंजिन थंड समजून जादा पेट्रोल देत राहतो, मायलेज पडते व पेट्रोल ऑइलमध्ये उतरते.

शीतलन निर्दोष झाल्यावरच कोष्टकांना हात लावावा. विद्युत् पंखा पाच-सहा अंश आधी सुरू करणे व शोषलेली हवा फार तापली की ठिणगी क्रँकच्या फिरण्याच्या मापाने एक-दोन अंश उशिरा पाडणे, एवढ्याने चढावरची खटखट (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) बहुधा थांबते. ठिणगी याहून मागे नेल्यास उष्णता सायलेन्सरच्या वाटेला वळते आणि शक्तीही घटते. टर्बोविरहित जुन्या इंजिनाची शक्ती अशा कामाने फारच थोडी वाढते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा-इंधन प्रमाण (वजनी) १४.७ : १ असते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी सुमारे १३.५ : १. मंद चालीत ऑक्सिजन संवेदक ही तफावत भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर बहुतेक जुने संगणक त्याचे ऐकत नाहीत, म्हणून कोष्टकात त्या स्थितीसाठीचे इंधन वाढवावे लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते. इंधन गरजेपेक्षा जास्त वाढविल्यास कार्बन मोनॉक्साइड वाढून पीयूसीत गाडी नापास होते.